केकमाणसाचा तिसरा पाय

प्रिय हेल्गेदादास,

गेर्डाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आर्हुसच्या त्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्याशी अजून झुंजतोयस की शेवटी लिफ्ट असलेलं घर बघितलंस, ते कळव. (कळवणार नाहीस. नाताळच्या कार्डावर दरवर्षी ‘सर्व ठीक’ लिहितोस, गेल्या वर्षी तर नुसत्या ‘ठीक’वर भागवलंस.) माझी प्रकृती रक्तदाब सोडला तर उत्तम आहे, आणि रक्तदाबाला कारण आपल्या गावचा बेकरीवाला प्रेबेन आहे. तो जन्माला आला तेव्हा तू गाव सोडून गेला होतास, त्यामुळे तुझं नशीब थोर.

झालं असं की ज्येष्ठ मंडळाने हिवाळ्याच्या व्याख्यानांत मला एक वार दिला. विषय : ‘स्निग्ध पदार्थ आतून कसे असतात’. पस्तीस वर्षं विद्यापीठात मी हेच शिकवलं, तेव्हा आता निवृत्तीत तरी सुटका हवी होती. पण हो म्हणाले, आणि का म्हणाले ते तुला सांगायलाच हवं. म्हातारा आयगिल अजून जिवंत आहे. नव्वद वर्षांचा आहे, पहिल्या रांगेत बसतो, आणि तू सतरा वर्षांचा असताना फेब्रुवारीच्या लोणी-परीक्षणात तुझं लोणी कसं सुरीवरून ओघळलं, ही गोष्ट दर समारंभात सांगतो. परीक्षकांत तेव्हा सगळ्यांत धाकटा तोच होता ना, त्यामुळे आपण साक्षीदार असल्याचा त्याला भारी अभिमान. बाबांनी तुझ्या हातून घुसळणीचं यंत्र कसं काढून घेतलं, ‘मलई कोमट ठेवतो, लक्ष कुठे असतं याचं’ असं चारचौघांत कसं म्हणाले, आणि तू महिन्याभरात गाव सोडून आर्हुसला बस चालवायला कसा गेलास, हे तो नाताळात सांगतो, बारशाला सांगतो, गेल्या वर्षी एका मयताच्या कॉफीलाही सांगितलं. एकसष्ट वर्षं झाली. मला ते बंद करायचं होतं. लोणी तुझ्यामुळे बिघडलं नाही हे मला रेणूसकट सिद्ध करून दाखवायचं होतं, आणि तेही आयगिलच्या तोंडावर.

आता रेणू. (पान उलटू नकोस, थोडंच आहे.) लोण्याच्या रेणूला ग्लिसरॉलचं एक बारकं डोकं असतं आणि त्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. शेपट्या सरळ असल्या की नीट फोडलेल्या सरपणासारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि लोणी घट्ट होतं. पण एखाद्या शेपटीत मध्येच दुहेरी बंध आला, तर तिथे तिला वाक पडतो. मग ढिगात एक वाकडं लाकूड घुसल्यासारखं होतं, रचाई सैल पडते आणि लोणी मऊ. जीवशास्त्रातलं एवढं मोठं प्रकरण, पेशीच्या आवरणापर्यंत जाणारं, पण मुळात सगळं या वाकावर आहे. म्हणून मी ठरवलं की फळ्यावर आकृती काढायची नाही, केकच करून घ्यायचा. डोकं, आणि शेपट्यांच्या जागी तीन पाय : दोन सरळ, तिसरा मध्यावर वाकडा. मी प्रेबेनला कागदावर काढून दिलं, बाण दाखवले, वाकावर लाल गोल केला.

आणि प्रेबेनने पोरांच्या वाढदिवसाला करतो तसा अख्खा केकमाणूस केला. डोळे, लाल गोळ्यांची बटणं, ज्येष्ठमधाच्या गोळीचे केस, हातात कागदी झेंडा, आणि तीन पाय. तिन्ही सरळ. (मधला पाय कुठे लावला असेल ते मी लिहीत नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी त्यावर लगेच रुमाल टाकला.) मी फोन केला तर म्हणतो कसा, “बाई, तो पाय तुमच्या हातून चुकून वाकडा काढला गेला होता, मी सरळ करून दिला. जास्तीचे पैसे नकोत.” मी म्हटलं, तो वाकडाच हवा होता. तर म्हणे, “वीस वर्षं केकमाणसं करतोय. लंगडा एकही दुकानाबाहेर सोडलेला नाही. लोक म्हणतील प्रेबेनच्या ओव्हनला झालंय काय?” मी म्हटलं, तीन पायांचं लोक काही म्हणणार नाहीत का? तर म्हणे, ते तुम्हीच सांगितलं होतंत.

या माणसापुढे पस्तीस वर्षांचं शिकवणं पाण्यात गेलं. वेळ उरला नव्हता. मंडळींची दोन गाणी म्हणून झाली होती, कॉफीचे थर्मास फिरत होते, आणि मी भर सभेत सुरी घेऊन केकमाणसाचा पाय गुडघ्यात मोडला, तिरका लावला आणि आयसिंगने चिकटवला. तो निसटला. मी परत चिकटवला. मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “प्लॅस्टर घालायला हवं.” मी दुर्लक्ष करून सरपण, वाक, मऊ लोणी, सगळं समजावलं. गाई हिवाळ्यात बीट आणि पेंढ्यावर असल्या तर लोणी घट्ट असतं, आणि तेलबियांची पेंड खाल्ली की त्या तेलातल्या वाकड्या शेपट्या गाईच्या पोटात कितीही सरळ झाल्या तरी एखादा वाक उरतोच आणि दुधात उतरतो, हेही सांगितलं. बायका वहीत टिपून घेत होत्या. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात आयगिलने काठी आपटली. “हिच्या भावाचं लोणी असंच होतं. सुरीवरून ओघळलं. पोराने मलई कोमट ठेवली होती.” दादा, माझं डोकंच सटकलं. मी केकमाणसाचा वाकडा पाय उचलून त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, आयगिल, कान उघडे ठेवून ऐक. मलई कोमट नव्हती. हेल्गेने काहीही चुकवलं नव्हतं. गाईंच्या खाण्यात पेंड गेली होती म्हणून ते लोणी मऊ झालं, आणि तू एकसष्ट वर्षं एका निर्दोष माणसाची बदनामी करतोयस. मला फार बरं वाटलं. अर्धं मिनिट.

मग आयगिल शांतपणे म्हणाला, “पेंड? तुझा बाप गाईंना हिवाळ्यात बीट आणि पेंढा सोडून काही देत नव्हता. जवसाची पेंड होती ती वासरांची, माळ्यावर, मोजून ठेवलेली. मग गाईंना ती घातली कुणी, गेर्डा?”

मी पाय हातात धरून उभी. नशिबाने अध्यक्षीणबाईंना वाटलं व्याख्यान संपलं, त्यांनी केकमाणसाच्या गळ्यावर सुरी ठेवली आणि गळा चिरताना सगळ्यांनी ओरडायचं या वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे सत्तर म्हाताऱ्या माणसांनी जिवाच्या आकांताने किंचाळायला सुरुवात केली. (माझ्या सहाव्या वाढदिवसाला गळा तू चिरला होतास, आठवतं? मी टेबलाखाली लपले होते.) डोकं पायांपासून सुटलं. आपल्या पोटातला रस चरबीचं थोडंफार हेच करतो, पण ते सांगायला कुणी शिल्लक नव्हतं, सगळे बटणांसाठी भांडत होते. मी कोट घातला आणि घरी आले. एकंदरीत व्याख्यान यशस्वी झालं असं मंडळाच्या पत्रकात छापून येणार आहे.

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझी,
गेर्डा

ता. क. प्रेबेनने मला पुढच्या वेळी दहा टक्के सूट देऊ केली आहे. पुढची वेळ येणार नाही हे त्याला सांगून थकले.

ता. क. २. पेंड मी घातली होती. मी दहा वर्षांची होते. उन्हाळ्यातल्या जनावरांच्या प्रदर्शनात माझी लाडकी गाय रोझा पहिली यावी म्हणून. जवसाने अंगावर तकाकी येते असं कुठेतरी ऐकलं होतं. एकट्या रोझाला दिली तर बाकीच्या अकराजणींना वाईट वाटेल, म्हणून तीन आठवडे रोज सगळ्यांना दिली. लोणी त्यामुळे मऊ झालं हे मला तेव्हा कळलं नाही. एकविसाव्या वर्षी कळलं, वर्गात, फळ्यावर तो वाक बघताना. तेव्हा बाबा जिवंत होते आणि माझी फी भरत होते. मी गप्प बसले. मग बाबा गेले, तरी गप्प बसले, कारण तोवर गप्प बसण्याचीच लाज वाटायला लागली होती. तू इतकी वर्षं हट्टाने भाकरीला मार्जरीन लावतोस ते माझ्यामुळे. मला माफ कर, दादा.

ता. क. ३. आयगिल रविवारी दोनला कॉफीला येतोय, उत्तर घ्यायला. ते मी त्याला तुझ्यासमोर देणार आहे, तू नसलास तर देणार नाही. सकाळच्या गाडीने ये, स्टेशनवर मी असेन. दातांचे ठसे उमटतील एवढं जाड लोणी भाकरीवर लावून ठेवते. घट्ट आहे, मी बघितलंय.

ता. क. ४. पण त्या वर्षी गाई काय चमकत होत्या, हे तूही नाकारणार नाहीस.