घाईत काढलेलं काळीज

३ मार्च
पोचलो एकदाचा! क्वार्टर झकास आहे. नळाला गरम पाणी, खिडकीशी चक्क बसायला बाक. बावीस वर्षं डुकरांची हृदयं माकडांत बसवली. माणसात बसवायची परवानगी या एकाच केंद्राला मिळाली, म्हणून या वयात बोचकं उचललं. बायको फोनवर म्हणाली, तिथे तरी वेळेवर जेव. बघू.

५ मार्च
प्राणीघर पाहिलं. आमच्या घरापेक्षा स्वच्छ! डुकरं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे मामा म्हणतात. हृदय काढायच्या दिवशी मामा डुकराजवळ अर्धा तास बसून त्याचा कान खाजवतात. नाडी सत्तरवर आली की मान डोलावतात, मगच भुलीचं इंजेक्शन. घाबरलेल्या जनावराचं हृदय घेऊ नये म्हणे. हसू आलं, पण खोटं नाही ते. भीतीने हृदयाचे स्नायू खराब होतातच.

९ मार्च
पेशंट ठरला. सुतार, वय चव्वेचाळीस. माणसाचं हृदय मिळेपर्यंत काही टिकत नाही. भारी थट्टेखोर. म्हणाला, बायको वीस वर्षं मला डुक्कर म्हणतेय, आता कागदोपत्री होईल. बायको हसली नाही. हात जोडून म्हणाली, दादा, एवढा माणूस घरी आणून द्या. दिला शब्द. असा शब्द देऊ नये, हे इतक्या वर्षांत शिकलो नाही.

१४ मार्च
झालं ऑपरेशन. नऊ तास. पाय सुजलेत, बूट निघेना.

एक गोष्ट इथेच लिहितो. सकाळी सुतार एकदम ढासळला. मामा यायचे होते, मी थांबलो नाही. डुक्कर किंचाळत कोपऱ्यात गेलं. मीच गुडघ्याने दाबून धरलं आणि सुई टोचली. भूल चढेपर्यंत ते माझ्याकडेच बघत होतं. मामा आले तेव्हा सगळं उरकलं होतं.

१७ मार्च
सुतार उठून बसला, सूप प्यायला. नर्स म्हणते सगळं छान, फक्त माझी फेरी असली की नाडी दीडशेवर. डॉक्टरला बघून कोण घाबरत नाही! सुतार बिचारा ओशाळला. म्हणाला, तुम्ही देवमाणूस, पण तुम्ही आलात की कोपऱ्यात जाऊन बसावंसं वाटतं.
जेवण गेलं नाही.

२० मार्च
झोपेचं औषध देऊन तो गाढ झोपल्यावर गेलो. दारातच एकशे साठ. सुतार घोरतोय आणि ते एकटंच धडधडतंय. बसवलेल्या हृदयाच्या मेंदूशी जोडणाऱ्या नसा कापलेल्या असतात. त्याला कळणार कसं? दुसरे डॉक्टर जाऊन आले, काही नाही. मामा आत गेले — सत्तर.

२२ मार्च
वॉर्डात जात नाही. मामांना सगळं सांगितलं. म्हणाले, लांब राहा, एवढंच करा.
राजीनामा लिहिलाय. फार थकलो. भीती वाटते, आणि कुणाला सांगायचीही लाज —

२३ मार्च
हृदयाभोवती रक्त साचतंय. छाती पुन्हा उघडायला हवी, आत्ताच. हे काम येणारा इथे मी एकटाच. नाडी एकशे सत्तरवर गेली तर टाके सुटतील.
गेलो नाही तरी तो जाणार.

बाहेर त्याची बायको. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, दादा आले, आता काळजी नाही.

हात धुवायच्या खोलीत बसलोय. काचेतून आकडा दिसतो. सुतार पूर्ण बेशुद्ध.

बसलेला — ९०.
उठलो — १३०.
पुन्हा बसलो. ९०.

भूलतज्ज्ञ बाई आतून हाका मारतायत, रक्तदाब उतरतोय, लवकर या —

उठलो. १५०.
एक पाऊल. १६४.
माफ कर रे. तुझाच जीव वाचवायला येतोय, त्याचा आणि तुझा, दोघांचा —
१६८. दाराला हात