माझा शांत स्वभाव

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. माझे रिपोर्ट उत्तम, नवऱ्याचा जरा कमी. गर्भ बाहेर तयार करून आत सोडायचा. इंजेक्शनं मला. तुम्ही फक्त टेन्शन घेऊ नका, म्हणाल्या. मी म्हटलं, मी मुळातच शांत स्वभावाची आहे. नवरा खोकला. सर्दी असावी.

५ मार्च, सकाळी
सुई नवऱ्याने टोचायची असं ठरलं होतं. त्याने ती पाहिली आणि ओट्याला धरून हळूहळू खाली बसला. मीच टोचून घेतली. सासूबाई धावत आल्या, त्याला साखरपाणी दिलं. बिचाऱ्याची किती ओढाताण होतेय, म्हणाल्या. मी वारा घातला. अगदी शांतपणे.

८ मार्च
त्याचा रिपोर्ट घरी सांगायचा नाही, असं त्याने विनवलं. सासूबाई आजपासून माझ्याकडे दयेने बघतात. शेजारणीला फोनवर म्हणाल्या, सुनेचं काहीतरी आहे. माझी काही हरकत नाही. दोन कप फुटले, पण ते निसरडेच होते.

११ मार्च
जावेचा फोन. तिला दिवस गेलेत. अहो, आमचं तर ध्यानीमनीही नव्हतं, म्हणाली. मला मनापासून आनंद झाला. आनंदाच्या भरात घरातले सगळे पडदे काढून धुतले. तरी आनंद उरला, म्हणून शेजारणीचेही मागून आणले.

२० मार्च
गर्भ आत सोडला. आता नेहमीसारखं वागा, असं सांगितलंय. नेहमी मी कशी वागते ते आठवेना. जिना आडव्या पावलांनी उतरले. शिंक आली तर नाक दाबून धरलं, कान बधिर झाले. सासूबाई म्हणाल्या, मोठ्याने हसू नकोस. तसा प्रसंगच आला नाही.

२५ मार्च
दुकानात (चष्म्याच्या, जिथे मी नंबर तपासते) एका बाईंनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, दोन. थोरला हट्टी आहे. धाकटीचे दात पडताहेत. आणि भिंतीवर चित्रं काढते, काय सांगू! मालक काउंटरमागून बघत राहिले. गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोलावं लागतं, एवढंच. नंतर बाईंना उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याला बसवून दिली.

३ एप्रिल, दुपारी
क्लिनिकचा फोन. नाही.
मी नर्सला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका.

३ एप्रिल, संध्याकाळी
नवरा घरी रडला. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला म्हणाल्या, तू खंबीर आहेस, तूच सांभाळ आता याला. मी दूध आणते म्हणून स्कूटर काढली आणि पंक्चरच्या दुकानाशी थांबले. मागचं चाक बघा, म्हटलं. पंक्चरवाला म्हणाला, ताई, हवा भरपूर आहे. म्हटलं, पुढचं बघा. त्यातही होती. मग मात्र मला हुंदका आवरेना. त्याने रस्त्याकडे पाठ होईल असं स्टूल फिरवून दिलं. अंधार पडेपर्यंत तिथेच रडले.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, सगळे उपाशी आहेत. नवऱ्याला म्हटलं, आज स्वयंपाक तू कर. तो म्हणाला, मला नाही गं जमणार आज.
म्हटलं, मलाही नाही जमत.