गजावरची खूण

आबा, रविवारी तुमचा नातू, भावाचा मुलगा, माझ्याकडे लोणावळ्याला आला होता, तुमच्या बंदुकीचा गज मागायला. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता तळेगावला कारखान्यात जातो आणि रानडुकरांपासून भात राखायला त्याने ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढलाय, स्वतःच्या नावावर. दसऱ्याला देवीच्या पालखीपुढे बार काढायचा मान इतक्या वर्षांनी पुन्हा आपल्या घरी आलाय. हे सांगताना त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं, आणि मी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

बार भरायचं मला तुम्ही शिकवलंत, कारण भाऊ तेव्हा पिंपरीला कामाला होता आणि गावाला सणावारीच यायचा. आपल्या स्वयंपाकघराइतकी कोरडी जागा आंदर मावळात दुसरी नव्हती. चूल विझवायची, निखाऱ्यांवर पाणी मारायचं, आई कुरकुरत भाकरीची परात उचलून ओसरीत जायची, आणि मग तुम्ही दारूचा डबा फळीवरून खाली घ्यायचात. दारू ठासायचा शिसवी गज मात्र आधी रिकामाच नळीत सोडायचात. नळी मोकळी असली की गजावर कोरलेली खूण बरोबर तिच्या तोंडाशी यायची. एक बार भरला की ती चार बोटं वर राहायची. डोळे मिटूनसुद्धा बोटाला कळेल एवढी खोल खूण होती ती.

तुमचा शेवटचा दसरा आठवतो. देवळापाशी पालखी उचलली, तुम्ही घोडा दाबला, दारूला ठिणगी देणारी टोपी फटकन वाजली आणि पुढे काहीच नाही. दारूने ओल धरली असणार. हलगी थांबली. पुजारी म्हणाला, दुसरी टोपी चढवा आणि मोकळे व्हा. तुम्ही नळी डोंगराकडे धरून तसेच उभे. काय झालं ते बघायला मी पुढे आले, तर सगळ्या गावादेखत माझ्यावर खेकसलात, "मागं सर. अजून ती गप झाली न्हाई." किती वेळ उभे होतात कोण जाणे. लोक आधी कुजबुजले, मग हसायला लागले. भ्याला म्हणाले. शेवटी नळीत पाणी ओतून तुम्ही बंदूक घरी आणलीत आणि पालखी शिवेवर पोचल्यावर काढायचा दुसरा बार त्या वर्षी झालाच नाही. माझी सासरची माणसं पहिल्यांदाच सणाला आली होती. मी शरमेने अर्धी झाले होते. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाजाला भुलू नगंस. धूर बघ." सकाळी न बोलताच लोणावळ्याला निघून आले.

पुढच्या श्रावणात तुम्ही गेलात. दसऱ्याला मान भावाने घेतला. वर्षाच्या आत घेऊ नये असं दोघातिघांनी सुचवलं, पण गेल्या वर्षीचं हसू त्यालाही पुसायचं होतं. तुमच्या वेळेसारखा गज माझ्याच हातात होता. देवळापाशी त्याने घोडा दाबला आणि त्याच क्षणी मागे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. दणका झाला, लोक ओरडले, हलगी चढली. नळीच्या तोंडातून धूर आला नाही. मी बघितलं, आबा. शिवेवर त्याने दुसरा बार भरला, मी गज दिला, त्याने ठासला. खूण नळीच्या वर चार बोटं नव्हे, वीतभर राहिली होती.

तोंड उघडलं होतं मी. पण सलग दुसऱ्या वर्षी आपल्याच घराचा बार फुकट गेला म्हणून ते सगळे पुन्हा हसणार, तेच हसणं माझ्या कानात घुमायला लागलं. माझीच काहीतरी चूक होत असेल, असं मनाला सांगितलं. त्याने गज माझ्याकडे दिला, आणि मी मागे सरले. तुम्ही शिकवलं होतं तशीच, चांगली दहा पावलं.

नळी फाटली. भावाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अजून भाताच्या पेंढ्या बांधताना तो आळ्याच्या गवती दोरीचं एक टोक दातात धरतो. वर्षाच्या आत घेतलेला मान देवीला सोसला नाही असं गाव म्हणालं आणि त्यालाही ते पटलं. तेव्हापासून दर मंगळवारी निरंकार उपास करतो, अंगात ताप असला तरी सोडत नाही. वहिनी मला म्हणते, तुमी तरी समजवा त्यास्नी. मी मान हलवते आणि परतीची एसटी धरते.

इथे मी पाच बंगल्यांच्या चाव्या सांभाळते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं फटाके लावतात. आवाज झाला की माझी नजर आधी धूर शोधते.

गज पोराला दिला. गज पुरतो का बघायला त्याच्या रिकाम्या नळीचं माप तो सुतळीवर घेऊन आला होता, त्यावरून नवी खूण कोरून दिली. तुमची जुनी खूण दोन बोटं खाली आहे, ती तशीच ठेवली. तुम्ही सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं, धुराचंही. पोरगं हुशार आहे. गजावरून बोट फिरवत म्हणालं, "आत्या, बाबांना ही खूण ठाव नव्हती?"

"न्हाई," मी म्हणाले. ते खरंच आहे.

"मग त्या दिशी गज कुणाकडं होता?"

आठवत नाही, असं मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. निघताना चपला घालता घालता म्हणाला, दसऱ्याला तुमीच गज धरायचा, आत्या, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई. मी हो म्हटलंय. दसऱ्याला आठ दिवस राहिलेत. भाऊ तिथे माझ्या शेजारीच उभा असेल, आणि हा कागद मी चाव्यांच्या डब्यात खाली घालून ठेवणार आहे.