खोऱ्यातली धुई

१४ सप्टेंबर, सकाळी ७
हवा मोजायच्या मीटरची खरी किंमत: ऑनलाइन ३,२०० रुपये, सेल आणायला नगरची एक खेप, आणि सूनबाईसमोर तोंडातून गेलेला शब्द. शब्द सगळ्यात महाग पडेल असं बायकोला वाटतं. मला नाही.
शब्द असा. नात धनश्री सहा वर्षांची, केडगावला हायवेशेजारी राहते, तिला दम लागतो. मी म्हणालो, जूनपासून पोरीला इकडच्या शाळेत घाला, आमच्या खोऱ्याची हवा म्हणजे औषध. सून मोनिका भूगोल शिकवते. म्हणाली, "बाबा, दिवाळी ते संक्रांत हवेतल्या धुळीचा आकडा रोज शंभरच्या आत दाखवा. मी स्वतः इकडे बदली मागते." मी म्हणालो, शंभर कशाला, पन्नास धर.
आजचा आकडा ११. जिंकल्यात जमा.

२० सप्टेंबर
पाऊस. आकडा ८. घाटावरून वारा येतो आणि गाव झाडून नेतो. फाट्यावर बोर्ड लावला: 'शुद्ध हवेचं गाव. धुई बघा, गूळ खा.' खाली माझा नंबर.

२८ ऑक्टोबर
वारा पडला. गुऱ्हाळ पेटवलं. एका कढईवर सुरू केलं होतं, आता चार आहेत. कुणाच्या बापाची मदत नाही. उसाची चिपाडं अजून ओली, म्हणून गूळ करणाऱ्या पुंजारामने जळणाला टेम्पोभर चपलांची कातरण घेतली. स्वस्त, आणि रबर झकास पेटतं. धुराड्यातून निघते ती गुळाची वाफ. थोडी काळपट.
आकडा ७२. फटाक्यांचं उरलेलं असणार.

९ नोव्हेंबर, सकाळी ६
खोऱ्यात सुरेख धुई. पाच फुटांवरची म्हैस दिसेना. माझे कान तिखट. अंथरुणातूनच शेजारच्या गोजरबाईचे खोकले मोजले. अकरा. मागच्या आठवड्यात चार होते. म्हातारी चहात आलं घालत नाही.
आकडा १४३. मीटर चहाच्या वाफेत होतं. धरला नाही.

१० नोव्हेंबर
मोनिकाचा फोन. मीटर बावरलंय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचं गाव परात आहे. थंडीत डोंगरावरची गार हवा उतरून तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण. धूर जाणार कुठे?" मी म्हणालो, परातीवर झाकण कोण ठेवतं, ते पातेल्यावर ठेवतात. तिने फोन ठेवला. पटलं असावं.
धूर येतो तो डोंगरापलीकडून. माझ्या गुऱ्हाळाचा त्यात दमडीचा वाटा नाही, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

१७ नोव्हेंबर
मीटर टेकडीवर भैरोबाच्या देवळात नेऊन ठेवलं. आकडा ३१. मोनिकाला फोटो पाठवला. टेकडी गावच्याच हद्दीत आहे, तेव्हा खोटं काही नाही. वरून गाव दिसेना, माझं धुराडं तेवढं दिसलं. वाफ सरळ वर येते, एका उंचीला अडते आणि पापडासारखी आडवी पसरते. लोक पैसे देऊन बघतील.

३० नोव्हेंबर
डेअरीच्या रांगेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शेटच्या गुळाला औंदा कोल्हापुरीची चव हाय." मागचे सगळे हसले. कोल्हापूरच्या गुळाशी तुलना. इतकं कौतुक तोंडावर कुणी करत नाही.

७ डिसेंबर
गोजरबाई दारात. म्हणाली, "मच्छिंदर, ही धुई न्हाई बाबा. धुईत पदर वला व्हतो. ह्यो बघ, कोरडा ठाक. वास घे." घेतला. जळक्या चपलेचा. म्हटलं, मावशी, पदर चुलीपाशी धरू नका. म्हणाली, "माझ्याकडं गॅस हाय." विषय बदलला.
तरी दोरीवर पंचा टाकून ठेवलाय.

८ डिसेंबर
पंचा कोरडा. यंदा पाऊस लवकर गेला, त्यामुळे धुईत पाणी कमी.

२५ डिसेंबर
नाताळची सुट्टी. मोनिका आणि धनश्री आल्या. एकदा पोरीला इथली सकाळ दाखवली की बोलायचं कामच नाही. पुंजारामला सांगितलं, पाहुणे आहेत, जळण जरा बेताने. तो म्हणाला, "शेट, रस कढईत हाय. बेतानं म्हंजी किती?" मी म्हणालो, बघ तुझं तू.

२६ डिसेंबर, सकाळी ५
पलीकडच्या खोलीतून खोकला. सवयीने मोजायला लागलो. तीसनंतर मोजलं नाही.

त्याच दिवशी, ११ वाजता
मोनिकाने पोरीला पंप दिला. मग मीटर मागितलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "टेकडीवर आहे ना?" मी हो म्हणालो. मग बॅग भरायला लागली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
नऊच्या एसटीने दोघी गेल्या. धनश्रीने खिडकीतून टाटा केला. दुसऱ्या हाताने नाकावर रुमाल धरला होता.

४ जानेवारी
पुंजारामचा सासरा पडला, तो सासुरवाडीला खर्ड्याला गेला. तो नाही तर गूळ कोण काढणार. गुऱ्हाळ बंद. मीटर खाली आणून अंगणात ठेवलं. कुणाला दाखवायला नाही.

८ जानेवारी, सकाळी ६
थंडी तशीच. झाडाचं पान हलत नाही. काल मोनिकाचा फोन आला होता: केडगावच्या शाळेत पुढच्या वर्षाची फी भरली. मी बरं म्हणालो.
गुऱ्हाळ बंद होऊन पाचवा दिवस. आकडा ४६.