मानेमागचा अंगठाभर भाग

सर, बेडकाच्या मानेमागे सुई ठेवून तुम्ही एकदा मला विचारलंत, "इथं काय हाय?" मी घडाघडा म्हटलं: लंबमज्जा, मेंदूच्या देठाचा सर्वांत खालचा भाग, वर रुंद, खाली निमुळता, पुढे मज्जारज्जू होणारा. "पाठ केलंय. काम सांगा, पाटलीणबाई." श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, खोकला. "मोठा मेंदू पाटील हाय, लय बोलतो. राबतो हा, अंगठ्याएवढा. पाटील झोपला तरी ह्याला सुट्टी न्हाई." वर्ग हसला, मीही हसले.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या गावात तुमची वस्ती पेटवली. तुम्ही शिकवत होतात त्या सेलूहून तुमच्या आईला न्यायला आलात. भर दुपारी, आमच्या दारासमोर, माझ्या चुलत्याने मागून कुऱ्हाडीचा दांडा हाणला, नेमका कवटी आणि मान जुळतात तिथे. आवाज मोठा नव्हता. तुम्ही तोंडावर कोसळलात. आणखी दोघांनी पाठीत लाथा घातल्या. मी त्यांना ढकलून तुम्हाला उताणं केलं. नाकातून रक्त येत होतं, डोळे अर्धे उघडे, श्वास घरघरत होता. पण होता.

लोक बघतायत. आमच्याकडे तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा ओसरीखाली उभं राहून ओंजळीनं पाणी प्यालात. माझ्या आईनं वरून धार धरली. मी घरात जाऊन पितळी तांब्या भरून आणते. चुलता म्हणतो, "घरातला तांब्या बाटवायलीस का?" ते ऐकून मी तांब्या तुमच्या ओठांनाच लावते, जबडा धरून ओतते. तुम्ही गिळत नाही. खोकतही नाही. घरघरीचे बुडबुडे होतात, ओठ निळे पडतात. मला सगळं येत होतं, सर. तरी मी आणखी ओतलं. तांब्या रिकामा व्हायच्या आत श्वास थांबला.

कोर्टात मी चुलत्याविरुद्ध साक्ष दिली. माहेर तुटलं, त्याची खंत नाही. डॉक्टर घावाबद्दल बोलले. कदाचित तेवढा घाव पुरेसा असेलही. पाण्याचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुमच्या आईने माझा हात धरला. "लेकी, तू तरी पाणी पाजलंस त्याला." तिथेही मी गप्प राहिले. ती गेली; आता सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे आणि लिहून फाडणार आहे.

तहान तुम्हाला नव्हती. आमचा तांब्या तुमच्या तोंडाला लागलेला गावाला दिसावा, एवढंच मला हवं होतं.