लंडनच्या जिन्यातली सावड

आई, तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. चुलीच्या जागी आता गॅसचा ओटा आहे, पण खिडकीतून वावर तेच दिसतं. डिसेंबर आहे, वाफ्यांत पाणी सोडलंय आणि सगळ्या निमगावात कांद्याची लावणी चालू आहे. बाया आता लांबून पिकअपमध्ये बसून येतात, ठेक्यावर. सावड फार थोड्या घरांत उरली आहे. पलीकडच्या काकूंकडे मात्र अजून आज या वावरात, उद्या त्या वावरात अशा एकमेकींच्या मदतीला बाया जातात. त्यांचे आवाज इथवर येतात आणि मला ती नाताळची सुट्टी आठवते. तुझ्या नातीला घेऊन मी लंडनहून अचानक आले होते आणि परत जायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं.

तेव्हा तुला मी अर्धंच सांगितलं होतं. आम्ही पूर्व लंडनमध्ये ज्या इमारतीत राहत होतो तिथे बहुतेक घरं बांगलादेशातून आलेल्या लोकांची होती, सिल्हेटकडची. सगळ्यात वरच्या मजल्यावर सगळे जिला आपा, म्हणजे ताई, म्हणत ती राहायची. तिचा दीर हॉटेलात आचारी होता. भर दुपारी बसस्टॉपवर त्याला काही गोऱ्या पोरांनी घेरलं, तुझ्या देशात जा म्हणत बुटांनी तुडवलं. त्याचं मनगट असं चिरडलं की पुन्हा कढई उचलता आली नाही. पोलिसांनी कागदावर लिहिलं, आपसातलं भांडण. मग आपाच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत घाण टाकली जाऊ लागली. जिन्यात ती पोरं बसून राहायची. एका सकाळी शाळेला जाताना तुझ्या नातीच्या अंगावर थुंकले. आपण कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माचे, हे त्यांनी विचारलं नाही. पाच वर्षांची पोर मला विचारत होती, आई, मी काय केलं? मी तिला उचललं आणि विमानात बसले. हे त्यांच्या नोकरीसाठी तिथेच थांबले. ओतूरला इंग्रजी शाळा आहे का, याची चौकशीही मी आल्या आल्या केली होती.

त्या सुट्टीतला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: तू वाफ्यात वाकलेली आहेस. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. शेजारच्या बाया ओळीनं पुढे सरकतायत. मी पोरीला मांडीवर घेऊन बांधावर बसले आहे आणि तिथली माणसं किती वाईट आहेत ते सांगते आहे. तू हात न थांबवता विचारलंस, "मंग ती आपा? ती बी गेली का तिच्या गावाला?"

नाही, ती कुठे जाणार, मी म्हटलं.

"तिची पोरं शाळंत जात्यात?"

महिना झाला घरातच आहेत, असं मी सांगितलं. तू वाफ्याच्या टोकापर्यंत लावत गेलीस. मला वाटलं, विषय संपला. मग कंबर सरळ करून म्हणालीस, "शाळा समद्यांची येकाच येळंला भरती ना? मंग येकटी येकटी कशापायी जाता?"

ते शहर आहे आई, सावड नाही, प्रत्येक जण आपापलं दार लावून बसतो, असं काहीतरी मी चिडून बोलले. बाया हसल्या. एक म्हणाली, आमी काय येकाच घरात ऱ्हातो का गं पावणे? तू हसली नाहीस. "ज्याचं रोप उपटून पडलंय त्याच्या वावरात आधी जायाचं. त्याला दम निघत न्हाई. आपलं मागनं," तू म्हणालीस. आणि मग ते वाक्य, जे मला कितीतरी दिवस टोचत राहिलं: "तुला सिस्टरांच्या बोर्डिंगात धाडली ती हितं बांधावर बसाया न्हाई."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. तूही आग्रह केला नाहीस. सुट्टी संपायच्या आत मी परतीचं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी मात्र शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात दिलास आणि म्हणालीस, आपाला दे, तिखट खाती का इचार.

चटणीचं बोट चाटून आपा म्हणाली, तुमच्याकडे मिरच्या पिकत नाहीत का? तिचं हिंदी सिनेमातलं, माझं शाळेतलं, पण आमचं निभायचं. तिच्या स्वयंपाकघरात आधीच बाया जमत होत्या, चहाचं मोठं पातेलं उकळत असायचं. गप्प बसायचं नाही हे त्यांचं माझ्या आधीच ठरलं होतं. करायचं कसं, यावर वाद चालला होता. मी तुझी सावड सांगितली. समजवावी लागलीच नाही. त्यांच्या गावीही भात असंच लावतात म्हणे. सगळ्यात वरचं घर आधी, कारण तिथे सगळ्यात जास्त त्रास. सकाळी खालच्या मजल्यांवरच्या आम्ही सगळ्या आधी वर चढायचो, आपाची पोरं घ्यायचो आणि दारादारांतून पोरं गोळा करत उतरायचो. पहिल्या दिवशी जिन्यातली पोरं उठली नाहीत, आम्ही त्यांना ओलांडून गेलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी अंडी फेकली. आपानं शाल धुऊन वाळत घातली आणि दुसऱ्या सकाळी दुसरी शाल घेऊन उभी राहिली.

मग आम्ही पोलिसांकडे गेलो. बोलणार आपा, इंग्रजीत सांगणार मी. तिनं आधीच बजावलं होतं, मी बोलेन तेवढंच सांग, साखर घालू नकोस. पण बोर्डिंगातली माझी जीभ! मी प्रत्येक वाक्याला प्लीज जोडत होते. तो शब्द आपाला कळत होता. तिनं माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "प्लीज मत बोलो." मी तेच वाक्य पुन्हा, प्लीज न म्हणता सांगितलं: हे भांडण नव्हतं, तो बंगाली आहे म्हणून त्याला मारलं, तसं लिहा. साहेबानं पेन खाली ठेवलं. आम्ही उठलो नाही. त्या दिवशी त्यानं लिहिलं नाही, नंतर लिहावं लागलं. कारण तोवर आसपासच्या इमारतींतल्या बायाही जिने उतरू लागल्या होत्या आणि ज्या कधी कोपऱ्यावरच्या दुकानापुढे गेल्या नव्हत्या, त्या कापडी फलक धरून भर रस्त्यातून चालल्या. त्यांतली एक पुढे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. दिराचं मनगट काही बरं झालं नाही. पण आपली पोरं शाळेत गेली, आई, रोज.

फोनवर तू दर वेळी विचारायचीस, तुझ्या सावडीच्या बाया बऱ्या हायत का? तू गेल्याचा फोन आला तेव्हा मला इथे वेळेवर पोचता आलं नाही. मी दार लावून बसले होते. ते आपानं वाजवून उघडायला लावलं. तिच्या मागे जिनाभर बाया होत्या, हातांत भाताची भांडी. मी नको म्हणत होते. ती आत येत म्हणाली, "आज तुम्हारा खेत."

काल मी काकूंच्या वावरात गेले. या वयात, साडी खोचून. एक वाफा लावला. ओळ वाकडी गेली, रोपं काही आडवी पडली. बाया लई हसल्या. एकीनं विचारलं, पावणं, कुणी शिकिवलं तुमाला? मी म्हटलं, आईनं.

खोटं बोलले, आई. तू मला कधी चिखलात पाय घालू दिला नव्हतास.