डोंगरावरचा हीटर

५ जानेवारी २०१४, जबल अख्दर

हीटर परत विझला! तासभर बरा जळतो, मग फट् – गॅस बंद. खाली मस्कतमध्ये लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत आणि मी इथे कानटोपी घालून अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, गेस्टहाउस राखतोय. पाहुणा एक नाही. शेजारच्या बकऱ्यांशी मराठीत बोलतो. त्या तरी ऐकून घेतात.

आज खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी मारली. दाराखाली गोधडी कोंबली. आम्हा गुहागरकरांना थंडीवर हाच उपाय ठाऊक! तरी विझलाच.

६ जानेवारी

अर्बाबला फोन केला. म्हणे, "वाल्व खराब. खाली मस्कतच्या गाला भागातून मेकॅनिक येईल, इन्शाल्ला." म्हणजे कधी, ते विचारायचं नसतं.

दीप्ती आणि आकांक्षा वीस तारखेला यायच्यात. लग्नानंतर बायको पहिल्यांदा इथे! व्हिसाही आलाय. पण एवढ्याशा पोरीला या गारठ्यात झोपवू कुठे?

७ जानेवारी

दीप्तीला म्हटलं, हीटर बिघडलाय, मार्चमध्ये या. ती म्हणाली, "दर वर्षी तुमचं काहीतरी निघतंच. आम्ही नको असलो तर सरळ सांगा." फोन ठेवला. जेवलो नाही.

८ जानेवारी

कोणी आलं नाही. डोकं दुखतंय. फार एकटं वाटतंय.

९ जानेवारी

इक्बाल आला, गालाचा मेकॅनिक. माणूस आलेला बघूनच बरं वाटलं! त्याने नवा वाल्व बसवला, साबणाचा फेस लावून गळती बघितली, हीटर पेटवला. मी दार लावलं, गोधडी कोंबली, चहा ठेवला. गप्पा रंगल्या आणि – फट्! नवा वाल्वही बंद.

इक्बाल हीटर सोडून दाराकडेच बघत बसला. "भाईसाब, ये रजाई यहाँ क्यूँ? और खिड़की पे टेप?"

"ठंड है ना."

त्याने कपाळाला हात लावला. उठून खिडकी उघडली. "हवा ख़राब हुई तो ये ख़ुद गैस काटता है. नहीं काटता तो आप सुबह उठते नहीं. पुराना वाल्व भी ठीक था."

स्वतःच्या अकलेवर हसलो. तो गेल्यावर मात्र सगळी चिकटपट्टी ओरबाडून काढली. मेलो असतो तर कोणाला कळलं असतं?

१० जानेवारी

खिडकी दोन बोटं उघडी. हीटर छान जळतोय. दीप्ती फोन उचलत नाही.

११ जानेवारी

सकाळी उचलला. सगळं सांगितलं, गंमत म्हणून. हसेल वाटलं – रडली. म्हणाली, "मी रागाने तिकिटं रद्द केली हो." आणि फोन कट.

दुपारी तिचाच फोन. "नवी काढली. वीसला नाही, परवाच उतरतोय. तोवर दार उघडं टाकून झोपा!"